पाळतीचा हिशेब: प्रस्तावना

राज्यसंस्थेने नागरिकांवर पाळत ठेवावी की नाही, हा प्रश्न व्यवहारात केव्हाच निकालात निघालेला आहे. कोणतेही राज्य, ते राजेशाही असो वा लोकशाही, बातमी मिळवल्यावाचून चाललेले नाही. वाद उरतो तो पाळत कोणावर ठेवायची, कोणाच्या हुकमाने, किती काळ, आणि त्याचा जाब कोणी कोणाला द्यायचा, याविषयीचा. या विषयावरील चर्चा बहुधा तराजूच्या प्रतिमेने सुरू होते: एका पारड्यात राष्ट्राची सुरक्षा, दुसऱ्यात व्यक्तीचे स्वातंत्र्य, आणि मध्ये समतोल साधणारा काटा. ही प्रतिमा सोयीची असली तरी तिच्यात तराजू धरणारा हात दिसत नाही. भारतात दूरध्वनी ऐकण्याचा हुकूम गृहसचिव देतो, तो हुकूम योग्य होता की नाही हे सचिवांचीच समिती तपासते, आणि ज्याचे बोलणे ऐकले गेले त्याला ही गोष्ट बहुधा कधीच कळत नाही; अशा व्यवस्थेत पारडी किती समान आहेत हे विचारण्याआधी वजने कोण टाकतो हे विचारणे भाग आहे. प्रस्तुत ग्रंथ या प्रश्नाभोवती उभा आहे, आणि म्हणूनच त्यात 'समतोल' या शब्दापेक्षा 'हिशेब' या शब्दावर अधिक भर आहे.

विषयात शिरण्यापूर्वी काही संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. 'पाळत' म्हणजे एखाद्या व्यक्तीच्या किंवा समूहाच्या हालचाली, संभाषणे, व्यवहार वा संबंध यांच्याकडे काही हेतूने, सातत्याने लक्ष देणे आणि त्यांची नोंद ठेवणे. यातील नोंद हा भाग महत्त्वाचा, कारण नजर हटली तरी नोंद राहते आणि पुढे तीच माणसाचा पाठलाग करते. विशिष्ट संशयितावर ठेवलेली ती लक्ष्यित पाळत. संशय कोणावर घ्यायचा हे ठरवण्यासाठी सर्वांचीच माहिती आधी गोळा केली जाते, ती सरसकट पाळत. संभाषणात काय बोलले गेले हा त्याचा आशय; कोणी, कोणाला, कोठून, किती वाजता आणि किती वेळ संपर्क केला, ही त्याभोवतीची माहिती म्हणजे मेटाडेटा. ही दुसरी माहिती वरवर निरुपद्रवी दिसते. परंतु कर्करोगतज्ज्ञाला, वकिलाला आणि पत्रकाराला एका आठवड्यात केलेले फोन एकत्र मांडले, तर आशय न ऐकताही पुष्कळ काही कळते.

मराठीतील शब्दयोजनेचा प्रश्न याहून खोल आहे. न्यायालयीन आणि वृत्तपत्रीय मराठीत या हक्काला सर्रास 'गोपनीयतेचा अधिकार' म्हटले जाते. 'गोपन' म्हणजे लपवणे, आणि त्यामुळे या शब्दाबरोबरच एक आरोप चिकटून येतो: ज्याला लपवायचे आहे त्यालाच या हक्काची गरज. 'खासगी' हा शब्द वेगळा आहे. मराठी राज्यकारभारात तो लपवाछपवीचा नव्हता, अधिकारक्षेत्राचा होता. होळकरांच्या राज्यात 'दौलत' आणि 'खासगी' असे दोन स्वतंत्र हिशेब होते. दौलत राज्याची, खासगी घराण्यातील स्त्रियांच्या हक्काची, आणि अहिल्याबाईंनी देशभर केलेल्या धर्मादायाचा मोठा आधार ही खासगीच होती. खासगीत काही दडवलेले नव्हते. तेथे दौलतीचा हुकूम चालत नव्हता, एवढाच त्या भेदाचा अर्थ. राज्याचा हात कोठे थांबतो हे सांगणारा शब्द भाषेत आधीपासून असल्याने या ग्रंथात 'खासगीपणा' हीच संज्ञा वापरली आहे.

राज्याला बातमी हवी असते, हे भारतीय परंपरेने कधी अमान्य केलेले नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गूढपुरुषांची, म्हणजे वेषांतर केलेल्या हेरांची, सविस्तर योजना आहे, आणि शिवकालातील बहिर्जी नाईकांचे नाव महाराष्ट्रात आजही आदराने घेतले जाते. मात्र या जुन्या हेरगिरीचा रोख प्रामुख्याने शत्रूवर, अधिकाऱ्यांवर आणि दरबारावर होता. सामान्य रयतेच्या नावनिशीवार, शरीराच्या खुणांसह, पिढ्यान्‌पिढ्या टिकणाऱ्या नोंदी ठेवण्याची कल्पना आणि ती राबवण्याची साधने वसाहतकाळात आली, आणि आजच्या व्यवस्थेची बहुतेक हाडे त्याच काळातील आहेत.

त्यांतील तीन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली, बोटांचे ठसे. बंगालमध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने 1858 मध्ये एका करारावर हाताचा ठसा घेतला; पुढे एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या भारतीय अधिकाऱ्यांनी ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत घडवली, आणि 1897 मध्ये कलकत्त्यात ठशांचा विभाग सुरू झाला. जगभरच्या पोलिसांनी नंतर उचललेली ही पद्धत वसाहतीतील प्रजेवर आधी वापरली गेली. दुसरी गोष्ट 1885 चा तार कायदा. त्याच्या पाचव्या कलमाने सार्वजनिक आणीबाणीच्या प्रसंगी किंवा सार्वजनिक सुरक्षेसाठी संदेश अडवण्याचा अधिकार सरकारला दिला, आणि तारेसाठी लिहिलेले हे कलम पुढे दूरध्वनीला आणि मोबाइललाही लागू होत राहिले.

तिसरी गोष्ट महाराष्ट्राने सर्वांत जवळून पाहिलेली आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण समाजच्या समाज जन्मतः गुन्हेगार ठरवले, आणि 1911 च्या कायद्याने ती व्यवस्था देशभर पसरवण्याची तरतूद केली. पारधी, कैकाडी, टकारी अशा जमातींतील माणसांना ठरलेल्या वेळी 'हजेरी' द्यावी लागे, परवान्याशिवाय गाव सोडता येत नसे, आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड वसाहती उभ्या राहिल्या, ज्यांना लोक 'सेटलमेंट' म्हणत. 1952 मध्ये कायदा गेला आणि या जमाती 'विमुक्त' म्हणवल्या गेल्या. परंतु सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्याचा असा कायदा 1959 चा आहे, आणि पोलीस ठाण्यातील संशयाची वही मिटली नाही. लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'पासून विमुक्तांच्या आत्मकथनांत पोलिसांचा जो वावर दिसतो, तो एखाद्या घटनेपुरता नाही. दिवस उगवावा तसा तो नित्याचा आहे. सुप्रीम कोर्टाने मे 2024 मध्येही पोलिसांच्या हिस्ट्रीशीटमध्ये केवळ मागास समाजातील जन्मामुळे निरपराधांची नावे चढवली जाऊ नयेत असे बजावले, यावरून त्या वहीचे आयुष्य किती लांबले आहे हे कळते. पाळतीच्या प्रश्नाला मध्यमवर्गीय, इंटरनेटनंतरचा प्रश्न समजणाऱ्यांनी हा इतिहास आधी वाचावा, असा या ग्रंथाचा आग्रह आहे. पाळत सर्वांवर सारखी कधीच पडलेली नाही. नव्या यंत्रांनी तिचे क्षेत्र वाढवले, पण तिची उतरंड तशीच ठेवली.

स्वातंत्र्यानंतर हा वारसा मोडण्याची संधी होती. 1947 मध्ये घटना समितीसाठी तयार झालेल्या मसुद्यांत के. एम. मुन्शी यांनी घराची अभेद्यता आणि पत्रव्यवहाराची गुप्तता यांची तरतूद सुचवली होती, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनातही अवाजवी झडतीविरुद्ध संरक्षण होते. अल्लादी कृष्णस्वामी अय्यर आणि बी. एन. राव यांनी तपासकार्याच्या दृष्टीने आक्षेप घेतले. डिसेंबर 1948 मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी काझी सय्यद करीमुद्दीन यांनी झडतीविरोधी दुरुस्ती मांडली, डॉ. आंबेडकरांनी तिची उपयुक्तता मान्य केली, तरी ती संविधानात आली नाही. या गाळणीचा परिणाम न्यायालयात दिसला. 1954 च्या एम. पी. शर्मा खटल्यात आठ न्यायमूर्तींनी, संविधानाने असे संरक्षण दिलेले नसताना ते बाहेरून आणता येणार नाही, असे म्हटले. 1962 च्या खडकसिंग खटल्यात उत्तर प्रदेश पोलिसांच्या नियमांना आव्हान होते: पुराव्याअभावी सुटलेल्या माणसाच्या घराबाहेर गुप्त पहारा, रात्री-अपरात्री घरभेटी, हालचालींची खबर. न्यायालयाने रात्रीच्या घरभेटी रद्द केल्या, बाकीची पाळत कायम ठेवली आणि खासगीपणा हा मूलभूत अधिकार नाही असे सांगितले. न्या. सुब्बा राव यांनी न्या. जे. सी. शहा यांच्यासह दिलेल्या भिन्नमतात मात्र असे म्हटले होते की, ज्याच्या प्रत्येक पावलावर नजर आहे त्याचा मोकळेपणा केवळ शरीराने हिंडण्यापुरता उरतो. भारतीय विचाराची पुढची पन्नास वर्षे या भिन्नमताकडे परत जाण्याचा प्रवास आहे, असे म्हणता येईल.

त्या प्रवासात राजकारणाचाही वाटा होता. 1986 मध्ये संसदेने मंजूर केलेल्या टपाल दुरुस्ती विधेयकाने सरकारला पत्रे अडवण्याचे व्यापक अधिकार दिले असते; राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही. 1988 मध्ये दूरध्वनी ऐकल्याच्या प्रकरणात कर्नाटकचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांनी पद सोडले, आणि मार्च 1991 मध्ये राजीव गांधींच्या निवासस्थानाबाहेर हरियाणाचे दोन पोलीस आढळल्यावरून चंद्रशेखर यांचे सरकार गेले. सत्ताधाऱ्यांनाच पाळतीचा चटका बसू लागल्यावर प्रश्नाला धार आली, हे नमूद करावे लागते. राजकीय नेत्यांचे फोन ऐकल्याच्या सीबीआय अहवालातून उद्भवलेल्या, पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात डिसेंबर 1996 मध्ये सुप्रीम कोर्टाने घर आणि कार्यालयातील दूरध्वनी संभाषण हा खासगीपणाचा भाग मानला आणि नियम घालून दिले: हुकूम गृहसचिवाचाच हवा, त्याची मुदत दोन महिने आणि वाढवून सहा महिन्यांपर्यंतच, आणि प्रत्येक हुकमाची फेरतपासणी समितीने करावी. न्यायाधीशाची पूर्वपरवानगी मात्र न्यायालयाने बंधनकारक केली नाही. आजच्या व्यवस्थेतील सर्वांत मोठी फट तेथे राहिली.

ती फट किती रुंद आहे हे एका आकड्यावरून कळते. न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने 2018 च्या अहवालात नोंदवले की, दोन महिन्यांतून एकदा भरणाऱ्या फेरतपासणी समितीपुढे प्रत्येक बैठकीत 15,000 ते 18,000 हुकूम असतात. बैठक दिवसभर चालली असे धरले तरी एका हुकमाच्या वाट्याला दोन सेकंदही येत नाहीत. अशा तपासणीला तपासणी म्हणणे कठीण आहे. आणि दोष समितीतील व्यक्तींचा नाही, रचनेचा आहे.

सुरक्षेची बाजू या ग्रंथात दुय्यम मानलेली नाही, आणि मुंबईबद्दल लिहिताना तर ती तशी मानताच येणार नाही. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात 166 माणसे मारली गेली. हल्ला चालू असताना दहशतवादी आणि पाकिस्तानातील त्यांचे सूत्रधार यांच्यातील संभाषणे यंत्रणांनी पकडली. सूत्रे सीमेपलीकडून हलत होती याचा तो सर्वांत ठोस पुरावा ठरला आणि खटल्यातही तो वापरला गेला. लक्ष्यित पाळतीची गरज यापेक्षा स्पष्टपणे सिद्ध होणे अवघड आहे. त्याच वेळी हेही खरे की समुद्रमार्गाने हल्ला होण्याच्या आणि मोठी हॉटेले लक्ष्य असल्याच्या सूचना आधी येऊन गेल्या होत्या. माहिती होती, ती जोडली गेली नाही आणि तिच्यावर कृती झाली नाही. त्यानंतर मात्र उत्तर शोधले गेले ते प्रामुख्याने अधिक माहितीच्या दिशेने. डिसेंबर 2008 मध्ये फारशी चर्चा न होता माहिती तंत्रज्ञान कायद्यात दुरुस्ती झाली आणि 69 व्या कलमाने संगणकीय माहिती अडवण्याचे, पाहण्याचे आणि उलगडण्याचे अधिकार दिले. त्यात तार कायद्यातील 'सार्वजनिक आणीबाणी'ची अटही उरली नाही. वेगवेगळ्या खात्यांची माहिती एकत्र जोडणारे नॅटग्रिड, पोलीस ठाण्यांना जोडणारे सीसीटीएनएस, शहरांतील कॅमेऱ्यांची जाळी, हे सारे त्या धक्क्यानंतर उभे राहिले किंवा वेगाने वाढले.

महाराष्ट्राच्या अनुभवातील आणखी एक दुवा राष्ट्रीय चर्चेत फारसा येत नाही. संघटित गुन्हेगारीच्या काळात 1999 मध्ये झालेल्या मकोका कायद्याने संभाषणे अडवण्याची स्वतंत्र पद्धत घालून दिली. मुंबई उच्च न्यायालयाने ही कलमे राज्याच्या अधिकाराबाहेरची म्हणून रद्द केली, सुप्रीम कोर्टाने 2008 मध्ये ती पुन्हा वैध ठरवली. कठोर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कायद्यात एक अशी तरतूद आहे जी केंद्राच्या तार कायद्यात कधीच नव्हती: किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती नाकारले, त्यातून किती खटले उभे राहिले, याचा वार्षिक अहवाल विधिमंडळापुढे ठेवण्याची. सुरक्षेचा कायदाही हिशेबाची सोय करू शकतो, याचे हे घरचे उदाहरण आहे.

जगभरच्या विचारांत या विषयाच्या काही स्पष्ट धारा दिसतात. उदारमतवादी धारा 1890 मध्ये वॉरन आणि ब्रँडाइस यांनी हार्वर्डच्या कायदाविषयक नियतकालिकात लिहिलेल्या निबंधापासून मोजली जाते. त्यांनी 'एकटे राहू देण्याचा' हक्क मांडला तो छायाचित्रे आणि वृत्तपत्रे यांच्या आक्रमणाविरुद्ध, आणि पुढे न्यायमूर्ती झालेल्या ब्रँडाइस यांनीच 1928 मध्ये दूरध्वनी ऐकण्याच्या प्रकरणात तो राज्याविरुद्ध वापरला. अॅलन वेस्टिन यांनी 1967 मध्ये त्याला माहितीवरील नियंत्रणाचे रूप दिले, आणि जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने 1983 मध्ये जनगणनेच्या खटल्यात आपल्या माहितीविषयी आपणच ठरवण्याचा हक्क घोषित केला. समाजकेंद्री धारेचे अमिताय एत्झिओनी यांच्या मते खासगीपणा हे अनेक मूल्यांपैकी एक आहे आणि समाजहितापुढे त्याला माघार घ्यावी लागू शकते. भारतीय शासनव्यवहारात, नाव न घेता, हीच भूमिका सर्वाधिक आढळते. मिशेल फुको यांनी 1975 मध्ये बेंथमच्या गोलाकार तुरुंगाच्या आराखड्यावरून दाखवले की, आपण पाहिले जात असू या शक्यतेनेच माणूस स्वतःला शिस्त लावतो, प्रत्यक्ष पाहणारा तेथे असो वा नसो. स्त्रीवादी विचाराने या सर्वांना एक अडचणीचा प्रश्न घातला: घराच्या भिंतीआड चालणाऱ्या हिंसेला खासगीपणाची ढाल मिळत असेल, तर तो हक्क कोणाचा? भारतात या प्रश्नाला जातीची जोड आहे, कारण गावात कोणाचे काहीही खासगी नसण्याचा अनुभव सर्वांच्या वाट्याला सारखा आलेला नाही.

या ग्रंथाला सर्वांत उपयोगी वाटलेली मांडणी हेलन निसेनबाउम यांची आहे. त्यांच्या मते माहिती उघड झाली की दडली हा मुद्दा गौण असून, ती ज्या नात्यात आणि ज्या अपेक्षेने दिली गेली तिला धरून पुढे वाहते का, हे पाहायला हवे. डॉक्टरला सांगितलेला आजार, रेशन दुकानदाराला दाखवलेले कुटुंबाचे कार्ड, घरमालकाने पोलीस ठाण्यात दिलेली भाडेकरूची माहिती, यांतील काहीच गुप्त नाही. परंतु दवाखान्यातील नोंद पोलिसांच्या पटलावर आली, तर काहीतरी मोडते. माहितीच्या वेगवेगळ्या विहिरी एकमेकींना जोडण्याकडे ज्या काळाचा कल आहे, त्या काळात हा विचार विशेष महत्त्वाचा ठरतो. आधारचा पहिला क्रमांक सप्टेंबर 2010 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात दिला गेला, तेव्हा तो लाभ पोहोचवण्याची खूण होता; नंतर तो बँक, मोबाइल आणि कर यांच्याशी जोडला जाऊ लागला तेव्हा वाद उभा राहिला तो नेमका या वाहण्याबद्दल.

इतर लोकशाही देशांचा अनुभव आदर्श म्हणून घेण्यासारखा नाही. त्याकडे धडा म्हणून पाहणे बरे. अमेरिकेत 1975 च्या चर्च समितीने गुप्तचर संस्थांचे गैरप्रकार उघड केल्यावर 1978 मध्ये पाळतीच्या परवानगीसाठी खास न्यायालय स्थापन झाले, पण 2013 मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या पहिल्याच कागदातून दिसले की, कोट्यवधी लोकांच्या फोननोंदी देण्याचा आदेश त्याच न्यायालयाने दिला होता. न्यायाधीशाची सही पुरेशी नसते. बंद दाराआड एकाच बाजूचे ऐकून ती होत असेल, तर तीही शिक्क्यासारखी होते. त्यानंतर तेथील स्वतंत्र देखरेख मंडळाने जानेवारी 2014 मध्ये निष्कर्ष काढला की, फोननोंदींच्या सरसकट संग्रहाने दहशतवादाच्या एकाही तपासाचा निकाल ठोसपणे बदललेला नाही. याच मंडळाने परदेशस्थ लक्ष्यांवरील पाळतीचा दुसरा कार्यक्रम मात्र उपयुक्त मानला. गुप्त कार्यक्रमाचीही उपयुक्तता बाहेरून तपासता येते, आणि तपासल्यावर उत्तर दर वेळी एकाच बाजूला झुकत नाही, हे यातून दिसले. ब्रिटनने 2016 च्या कायद्याने मंत्र्याच्या हुकमावर न्यायिक आयुक्ताची संमती आवश्यक केली. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने तर 1978 मध्येच, लोकशाहीच्या रक्षणासाठी म्हणून ठेवलेली गुप्त पाळत लोकशाहीलाच पोखरू शकते, असा इशारा देताना तिची गरजही मान्य केली होती.

भारतात निर्णायक वळण आले ते 24 ऑगस्ट 2017 रोजी. पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला आणि एम. पी. शर्मा व खडकसिंग या निकालांतील विरोधी विधाने मोडीत काढली. राज्याला या हक्कात हस्तक्षेप करायचा तर कायदा हवा, हेतू रास्त हवा, आणि साधन हेतूच्या प्रमाणात हवे. या शेवटच्या कसोटीला प्रमाणबद्धता म्हणतात, आणि कमी त्रासाचा मार्ग उपलब्ध असता जड मार्ग निवडता येत नाही, हा तिचा गाभा आहे. पुढच्याच वर्षी आधारच्या निकालात बहुमताने योजना टिकवली, तरी राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाखाली सहसचिवाच्या आदेशाने माहिती उघड करण्याची तरतूद तशीच ठेवायला नकार दिला आणि निर्णयात न्यायिक व्यक्तीचा सहभाग असावा असे सुचवले. 2019 च्या दुरुस्तीत सहसचिवाच्या जागी सचिव आला. न्यायिक व्यक्ती आली नाही.

तत्त्व आणि व्यवहार यांतील हे अंतर पुढच्या वर्षांत वारंवार दिसते. ऑक्टोबर 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विनीत कुमार प्रकरणात, लाचेच्या तपासासाठी फोन ऐकण्याचे तीन हुकूम सार्वजनिक सुरक्षेच्या कसोटीला उतरत नाहीत म्हणून रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले. या निकालाचे मोल समजण्यासाठी 1972 च्या मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालाची आठवण ठेवावी लागते, ज्याने बेकायदा मिळवलेला पुरावाही ग्राह्य धरला होता. पुरावा चालणार असेल तर नियम पाळण्याचे कारणच उरत नाही. 2025 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने मुंबईच्या वाटेने निकाल दिला, तर दिल्ली उच्च न्यायालयाने भ्रष्टाचारालाही सार्वजनिक सुरक्षेचा धोका मानले. हा वाद अद्याप मिटलेला नाही. पेगॅसस या हेर-सॉफ्टवेअरच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर 2021 मध्ये, राष्ट्रीय सुरक्षेचे नाव घेतल्याने न्यायालयाची तपासणी आपोआप टळत नाही, असे स्पष्ट केले आणि तांत्रिक समिती नेमली. समितीने तपासलेल्या 29 फोनपैकी 5 मध्ये घातक सॉफ्टवेअर आढळले, ते पेगॅससच होते असे ठरवता आले नाही, आणि सरकारने सहकार्य केले नाही असेही समितीने नोंदवले.

हा ग्रंथ आत्ता का, याचे उत्तर गेल्या काही वर्षांतील कायद्यांत आहे. 2022 च्या फौजदारी ओळख कायद्याने बोटांच्या ठशांबरोबर डोळ्यांच्या बुबुळांच्या आणि वर्तनाच्या खुणा घेण्याची आणि त्या 75 वर्षे जपण्याची तरतूद केली. 2023 मध्ये दूरसंचार कायदा आणि टपाल कायदा नवे झाले. वसाहतकालीन कायद्यांची जागा घेण्यासाठी ते आले, पण संदेश अडवण्याचा अधिकार कार्यकारी यंत्रणेकडेच राहिला. त्याच वर्षीच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने खासगी कंपन्यांवर बंधने घातली, मात्र सरकारला अधिसूचनेद्वारे आपल्या संस्था त्यातून वगळण्याची मुभा दिली, आणि माहिती अधिकार कायद्यातील वैयक्तिक माहितीचा अपवादही रुंद केला. या संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. 1887 पासून चालत आलेल्या इंटेलिजन्स ब्युरोला आजही संसदेचा स्वतंत्र कायदा नाही. तो करण्यासाठी मनीष तिवारी यांनी 2011 मध्ये मांडलेले खासगी विधेयक पुढे गेले नाही. नागरिकाबद्दल राज्याला अधिक कळावे आणि राज्याबद्दल नागरिकाला कमी, अशी ही दुहेरी हालचाल आहे, आणि ती सवयीत मुरण्यापूर्वी तिची नोंद होणे निकडीचे आहे.

या ग्रंथातील लेखन त्या नोंदीच्या दिशेने केलेले आहे. वकील, पोलीस सेवेतील निवृत्त अधिकारी, इतिहासाचे अभ्यासक, विमुक्तांच्या चळवळीतील कार्यकर्ते आणि संगणकतज्ज्ञ यांची मते एकमेकांशी जुळावीत असा प्रयत्न केलेला नाही. अतिरेकी कारवायांचा तपास केलेल्या माणसाला पूर्वपरवानगीतील दिरंगाई जीवघेणी वाटते, आणि ज्याच्या आजोबांनी आयुष्यभर हजेरी दिली त्याला नव्या चेहरा-ओळख यंत्रात जुनीच वही दिसते. दोघांनाही आपले म्हणणे पूर्ण मांडता यावे एवढी जागा येथे आहे. कंपन्यांकडून होणारा माहितीचा व्यापार आणि लष्करी हेरगिरी हे दोन मोठे विषय केवळ संदर्भापुरते आले आहेत, कारण त्यांची कायद्याची चौकट वेगळी आहे. निकालांचे आणि कलमांचे मराठी भाषांतर करताना न्यायालयीन शब्द जेथे अर्थाला अडथळा ठरला तेथे तो बाजूला ठेवून साधा शब्द घेतला आहे, आणि 'खासगीपणा', 'पाळत', 'हजेरी', 'हिशेब' हे चार शब्द संपूर्ण ग्रंथात एकाच अर्थाने वापरले आहेत. वाचकाने प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचली तरी चालेल. विमुक्तांच्या हजेरीवरील प्रकरण मात्र आधी वाचले, तर नंतरच्या प्रकरणांतील यंत्रे आणि कलमे वेगळ्या उजेडात दिसतील.